रुमाल टाकून धरलेली जागा

पाळी सुटल्यावर तो कामाच्या कपड्यांतच दवाखान्यात आला होता. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारा माणूस. सोबत बारा वर्षांची मुलगी आणि तिची आज्जी. मुलीचा वरचा उजवा सुळा रांग सोडून हिरडीत उंचावर फुटला होता. हसली की ओठ त्या टोकावर अडकायचा, म्हणून ती हसणंच टाळायची. बोलताना हात तोंडापुढं. आज्जीनं निदान घरूनच आणलं होतं. "पडलेल्या दाताच्या जागी सारखी जीभ लावती ओ ही. किती वेळा सांगितलं, लावू नगंस, दात वाकडा येतोय."

मी मुलीच्या दातांची मापं घेतली आणि पुढच्या खेपेला त्यांचे प्लास्टरचे नमुने टेबलावर ठेवले. बापानं वरच्या जबड्याचा नमुना हातात घेतला, उजेडात फिरवून बघितला आणि शेजारी पडलेला व्हर्नियर कॅलिपर उचलला. त्या हत्याराला त्याचा हात माझ्यापेक्षा सरावलेला होता. डाव्या बाजूचा सुळा नीट रांगेत आला होता, त्याची रुंदी भरली ७.८ मिलिमीटर. मग त्यानं उजवीकडची मोकळी फट मोजली. ४.६. दोन्ही आकडे त्यानं पुन्हा एकदा मोजून बघितले. "म्हंजे तीन पॉइंट दोन कमी पडतंय की ओ. मग हा दात बसायचा कुठं?"

इतक्या वर्षांत पालकांकडून ऐकलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न. दात वाकडा का आला, असं सगळे विचारतात. जागा कुठं गेली, असं कुणी विचारत नाही. त्या ३.२ मिलिमीटरचा माग काढायचा, तर संशयितांना एकेक करून पुढं बोलवावं लागेल. आज्जीनं नाव घेतलंच आहे, तेव्हा सुरुवात जिभेपासून.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो आणि दात त्या थरात टांगल्यासारखा असतो. एका बाजूनं दाब येत राहिला की त्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं, मागं मोकळ्या झालेल्या बाजूला नवं हाड भरतं आणि दात सरकतो. आम्ही तारा लावून करतो ते एवढंच. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, यापेक्षा घाई हाडाला सोसत नाही. तोंडात हा दाब सतत चालू असतो. आतून जीभ, बाहेरून ओठ आणि गाल. दोन्हीकडचा हिशेब जिथं जुळतो तिथं दात स्थिरावतो. अमेरिकेतले दंतवैद्य विल्यम प्रॉफिट यांनी १९७८ साली या समतोलाची नीट मांडणी केली. त्यातली कळीची गोष्ट अशी, की दाब किती जोराचा आहे यापेक्षा तो किती वेळ टिकतो याला महत्त्व आहे. दिवसातून निदान सहा तास दाब असेल तर दात जागचा हलतो, भले तो दाब हलका का असेना. आपण दिवसभरात हजारभर वेळा गिळतो, पण प्रत्येक गिळणं जेमतेम सेकंदभराचं. सगळं मिळून वीस मिनिटंही होत नाहीत. मग खेळता खेळता पडलेल्या दाताची खाच चाचपणाऱ्या जिभेची काय कथा! आज्जीचं भय खोटं होतं. नातीला तेवढ्यासाठी इतकी वर्षं बोलणी खावी लागली, याचं मला वाईट वाटलं.

पण जीभ अजिबात निर्दोष आहे असंही नाही. ती विश्रांतीला कुठं टेकते, हे पाहावं लागतं. तोंड मिटून नाकानं श्वास घेणाऱ्या मुलाची जीभ वर टाळूला टेकलेली असते आणि वरच्या दातांची कमान आतून उचलून धरते. नाक कोंदलेलं असेल तर मूल तोंड उघडं ठेवतं, जीभ खाली पडते, कमानीचा आतला आधार जातो आणि गालांचा दाब एकटाच उरतो. कमान अरुंद होते, टाळू खोल जाते, पुढचे दात बाहेर झुकतात. नाकामागच्या अॅडिनॉइडच्या गाठींमुळे मुलांचा श्वास अडतो, हे कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी १८६८ सालीच दाखवून दिलं होतं. पुढं एगिल हार्वोल्ड यांनी माकडांच्या नाकपुड्या बंद करून पाहिलं, तेव्हा त्यांचे दात बिघडले. मात्र सगळ्यांचे एकाच तऱ्हेनं बिघडले नाहीत. ज्यानं त्यानं तोंडानं श्वास घ्यायला जबडा आणि जीभ ज्या तऱ्हेनं धरली, त्या तऱ्हेचा बिघाड झाला. म्हणून जे मूल रात्री घोरतं, उशीवर लाळ गाळतं, दिवसाही ओठ उघडे ठेवून बसतं, त्याला मी आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं पाठवतो. तारा नंतर.

अंगठ्याचं गणितही वेळेचंच. तीन-चार वर्षांपर्यंत मूल झोपताना अंगठा चोखत असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. सवय सुटली की दुधाचे दात बहुतेक आपणहून सावरतात. पण पुढचे पक्के दात यायच्या वेळीही अंगठा रात्रभर तोंडात राहिला, तर वरचे दात बाहेर ढकलले जातात, खालचे आत दबतात, मध्ये अंगठ्याच्या मापाची फट पडते. मग खालचा ओठ त्या फटीत शिरून वरच्या दातांच्या मागं जाऊन बसतो आणि अंगठ्यानं सुरू केलेलं काम ओठ पुढं चालवतो. कडुलिंबाचा पाला वाटून अंगठ्याला लावणं हा आपल्याकडचा जुना उपाय. माझ्या अनुभवात कडवटपणापेक्षा मुलाशी गोडीनं केलेला करार जास्त टिकतो.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. 'दात पुढं आहेत' म्हणून ज्यांना आणतात, त्यातल्या अनेकांचे वरचे दात जागच्या जागी असतात. खालचा जबडा मागं राहिलेला असतो. समोरून दिसणारं चित्र सारखंच, पण उपाय वेगळा, आणि त्याची वेळ म्हणजे वाढीची वर्षं. वरचे पुढचे दात खालच्यांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर पुढं असणं ठीक. त्याहून पुढं असले तर पडण्या-आपटण्यात ते तुटण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. कबड्डीच्या मैदानावरून अर्धा तुटलेला दात रुमालात बांधून आणणारी मुलं आठवून बघितली, तर त्यातली बरीच अशीच.

आपल्या मुलीचे दात मात्र पुढं आलेले नव्हते. अंगठा नाही, घोरणं नाही. प्रश्न फक्त जागेचा.

दुसरा संशयित म्हणजे रक्त. "जबडा आईचा घेतला आणि दात बापाचे," असं वाक्य पालकांना फार पटतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या व्यवसायातली माणसंही ते सर्रास बोलतात. मोठे दात एकीकडून, लहान जबडा दुसरीकडून, म्हणून दाटी. ऐकायला सोपं आहे. पण अशी दोन वेगळी पार्सलं येत असतील, तर वेगवेगळ्या वंशांच्या आईबापांच्या मुलांत दातांची दाटी खूप जास्त दिसायला हवी. हवाई बेटांवर जपानी, चिनी, युरोपीय आणि मूळच्या हवाईयन कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या लग्नं होत आली. तिथल्या हजारो शाळकरी मुलांची पाहणी १९७१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तसं काही दिसलं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून जे कळतं ते असं, की दाताचा आकार आणि जबड्याच्या हाडाची ठेवण बऱ्याच अंशी वारशानं येते, पण दात रांगेत कसे बसले, कोण कुणावर चढला, यात आयुष्यात घडलेल्या गोष्टींचा वाटा मोठा असतो. बाप माझ्यासमोर तोंड उघडून बसला. त्याचे सगळे दात शिस्तीत. आज्जीचे जे उरले होते तेही.

"आमी भाकरी चावून वाढलोय, पावावर न्हाई," आज्जी म्हणाली. हे वाक्य मी सोडून देणार नाही, कारण त्यामागं मोठं सत्य आहे.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पुढं अनेक हंगाम उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची ती वस्ती. घरांच्या जमिनीखाली मातीच्या कुंभांत पुरलेली लहान मुलं तिथं मोठ्या संख्येनं सापडली. त्या मुलांच्या दुधाच्या दातांचा बारकाईनं अभ्यास सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकास यांनी केला. त्यांनी दातांची मापं घेतली, सुळ्यांवरचे खळगे मोजले आणि त्यावरून त्या बाळांनी भोगलेला उपास आणि आजार वाचला. दुधाचा दात म्हणजे पडून जाणारी, कौलावर फेकायची वस्तू असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. त्या मुलांची नावं-गावं, भाषा सगळं गेलं. त्यांच्या वाट्याचं दुःख दातांनी जपलं.

जगभर जुन्या कवट्या पाहिल्या तर दातांची दाटी कमी आणि झीज जास्त दिसते. धान्य दगडावर दळलेलं, त्यात कचकच. मांस आणि कंद तंतुमय. चावायला तासन्‌तास लागायचे. जबड्याचं हाड वाढीच्या वयात जेवढा ताण सोसतं तेवढं भरतं, हाताच्या हाडासारखंच. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या प्राण्यांच्या एका गटाला शिजवलेलं मऊ अन्न दिलं आणि दुसऱ्याला कच्चं, वाळलेलं. मऊ खाणाऱ्यांच्या चेहऱ्याच्या काही भागांची वाढ सुमारे दहा टक्क्यांनी कमी भरली, असं त्यांनी २००४ साली लिहिलं. आणि दात? ते वाढत नाहीत. दाताचा माथा हिरडीच्या आतच पुऱ्या मापाचा बनून येतो. हाड कमी पडलं तरी दात तेवढाच. आपल्या देशातला पुरावाही आहे. रॉबर्ट कॉरुचिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंडीगडच्या बाजूला खेड्यातली आणि शहरातली तरुण मुलं तपासली. लोक तेच, रक्त तेच, पण दातांची घडी शहरी मुलांत अधिक बिघडलेली. हे १९८३ सालचं.

आज्जी मूळची जत भागातली. शाळूची भाकरी, शेंगा, हरभऱ्याचे सोलाणे, हुरडा, आणि लग्न होऊन कृष्णाकाठी आल्यावर ऊस. दातानं टरफल ओढून काढायचं, कांडं मोडायचं, चावून रस गिळायचा आणि चिपाड थुंकायचं. सांगलीच्या भोवती आजही गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या धावतात, पण त्यामागं पळत ऊस ओढणारी पोरं कमी झाली. ती रसवंतीवर ग्लास घेतात. शाळेच्या डब्यात चपाती, तीही तेल लावून मऊ केलेली. भूक लागली की चहात बुडवलेलं बिस्कीट, जे चावावंच लागत नाही. भाकरी खाणाऱ्या घरातही दाटी दिसते, आणि बारा-तेराव्या वर्षी एकदम ऊस चावायला लावून कुणाची रांग सरळ होत नाही. जबड्याची पुढची कमान घडते ती पहिल्या काही वर्षांत. त्या वयाच्या मुलाच्या हातात गाजराचा, काकडीचा, भाकरीच्या पापुद्र्याचा तुकडा द्यावा, सगळं मिक्सरमधून काढून देऊ नये, एवढं मी आयांना सांगतो.

मात्र मुलीची तक्रार मऊ खाण्यावर ढकलायची, तर डावीकडचा सुळा जागेवर कसा आला? दोन्ही बाजूंनी चपाती तीच खाल्ली होती ना? एकाच बाजूला जागा हरवते तेव्हा त्या बाजूला काहीतरी घडलेलं असतं.

ते कळायला दुधाच्या दातांचा हिशेब बघावा लागतो. लहानपणी दात वीस, मोठेपणी बत्तीस. पुढचे चार वरचे पक्के दात त्यांच्या जागच्या दुधाच्या दातांपेक्षा सगळे मिळून साडेसात मिलिमीटरच्या आसपास जास्त रुंद, खालचे सहाच्या आसपास. ही जादा जागा कुठून यायची? थोडी दुधाच्या दातांमधल्या फटींतून, थोडी कमान सुळ्यांपाशी रुंदावते त्यातून, थोडी नवे दात जरा पुढं कलून येतात त्यातून. म्हणून चार वर्षांच्या मुलाच्या दातांत फटी दिसल्या की मी मनातून खूश होतो आणि आई काळजीत असते. उलट एकाला एक चिकटलेले, मोत्यांच्या सरासारखे दुधाचे दात घरातले सगळे कौतुकानं दाखवतात, तेव्हा मला पुढची दाटी दिसायला लागते. तसंच आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या दोन दातांत मध्येच फट असते, दात पंख्यासारखे पसरलेले असतात. हे रूप बहुतेक वेळा तात्पुरतं. वरून उतरणारे सुळे बाजूच्या दातांच्या मुळांना रेटत असतात, ते खाली आले की फट बहुतांशी मिटते. खालच्या दुधाच्या दातामागून पक्का दात डोकावला की लोक रात्री-अपरात्री फोन करतात. दुधाचा दात हलून पडला की जीभच त्या नव्या दाताला पुढं आणते.

'पोरगं मोठं झालं की जबडाही वाढेल, होईल जागा' हे वाक्य मात्र नुकसान करतं. जबडा वाढतो हे खरं, पण तो मागून वाढतो, दाढांसाठी. खालच्या दोन सुळ्यांमधलं अंतर आठ-नऊ वर्षांच्या वयानंतर फारसं वाढत नाही. पुढच्या दातांना जी मिळायची ती जागा तोवर मिळून चुकलेली असते.

आता मागच्या बाजूला या. दुधाच्या दाढा पडून त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढा त्यांच्याहून अरुंद असतात. त्यातून वर प्रत्येक बाजूला एखादा मिलिमीटर, खाली दीड-दोन मिलिमीटर शिलकीत पडतात. निसर्गानं बाजूला काढून ठेवलेली ही पुंजी. आणि सहाव्या वर्षी, कुठलाही दात न पडता, सगळ्यांच्या मागं एक पक्की दाढ येते. तिला पालक दुधाचीच समजतात. या दाढेचा स्वभाव पुढं सरकायचा. तिला थोपवून धरते ती दुधाची शेवटची दाढ.

एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल आठवा. सीटवर रुमाल पडला की जागा धरली गेली. मालक मागून चढतो, गर्दीतून वाट काढत येतो, तोवर रुमालाचा मान लोक राखतात. कुणी तो उचलून फेकला की शेजारचा सरकतोच. दुधाची दाढ हा तो रुमाल आहे. तिचं मूळ काम चावायचं, पण दहा-बारा वर्षांपर्यंत जागा धरून ठेवणं हेही तिचंच. आणि वरच्या जबड्यात सुळा साधारण अकरा-बाराव्या वर्षी, बाकीच्यांच्या नंतर चढतो. ज्याला सगळ्यात शेवटी यायचं आहे, त्याचीच सीट जाते.

मी बापाला विचारलं, उजवीकडची दाढ कधी काढली होती का? त्याला आठवेना. मुलीलाच आठवलं. "दुसरीत असताना. लई दुखत होती." किडलेली होती, गाल सुजला होता, कुठंतरी काढून घेतली. 'दुधाचीच आहे, पडणारच होती.' हे वाक्य कुणी म्हटलं असेल ते विचारायची गरज नव्हती. सगळेच म्हणतात. सातव्या वर्षी रुमाल गेला. मागची पक्की दाढ पाच वर्षं हळूहळू पुढं आली. तिच्यापुढं उपदाढांनी मिळेल तिथं अंग चोरून जागा घेतली. नमुन्यावर ते स्पष्ट दिसत होतं. बापानं डावी-उजवी दाढ मध्यरेषेपासून मोजली. उजवी पुढं होती, सुमारे तीन मिलिमीटर.

मला याचंच वाईट वाटतं. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून हा सगळा टापू दवाखान्यांसाठी ओळखला जातो. कवलापूरला दंत महाविद्यालय आहे, सांगलीत आणखी एक आहे. डॉक्टर इतके जवळ असूनही दुधाची दाढ दुखेपर्यंत कुणी आणत नाही. आईबाप दोघं पाळीवर जातात, लेकरू शेजारी किंवा आज्जीजवळ, रडलं की पाच रुपयांचा पुडा. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवूनच झोपलेलं बाळ. दुधाच्या दातावरचं कवच पातळ असतं, एकदा कीड लागली की नसेपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. यात आईबापांचा दोष शोधायला मी जाणार नाही. ती दाढ जागा धरून बसली आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

सांगितलं असतं तर उपाय साधा होता. कीड लहान असताना भरायची. नसेपर्यंत गेली तर नसेचे उपचार करून वर स्टीलची टोपी बसवायची. काढावीच लागली तर शेजारच्या दाढेला कडं बसवून तारेचा एक फास पुढच्या दातापर्यंत न्यायचा, म्हणजे स्पेस मेंटेनर. आतला दात यायला लागेपर्यंत ती तार रुमालाचं काम करते. खर्च तारांच्या पूर्ण उपचाराच्या मानानं थोडका.

जाता जाता अक्कलदाढेबद्दल. पंचविशीत खालचे पुढचे दात थोडे दाटले की बिल तिच्या नावावर फाडतात. पण अक्कलदाढ मुळातच नसलेल्या माणसांतही ही दाटी होते, म्हणून केवळ तेवढ्यासाठी ती काढू नये.

मुलीचे उपचार पुढं दीड वर्ष चालले. सरकलेली दाढ मागं न्यायची, जागा मोकळी करायची, मग सुळा खाली उतरवायचा. पहिल्या तारेच्या दिवशी बापानं धाकटीलाही आणलं, सात वर्षांची. "हिची बघा. त्याच बाजूची." वर उजवीकडं दुधाच्या शेवटच्या दाढेला काळा खड्डा पडला होता, पण दाढ उभी होती. तिच्यामागं सहा वर्षांची पक्की दाढ, हिरडीची एक झालर अजून तिच्या माथ्यावर. त्याच आठवड्यात दोन खेपांत आम्ही दाढ साफ करून भरली आणि स्टीलची टोपी बसवली. बापानं तिचं तोंड उघडून टोपीवरून बोट फिरवलं, फिटिंग तपासावं तसं.

"किती दिवस टिकाय पाहिजे ही?"

"चार वर्षं. मग टोपीसकट आपणहून पडेल."

त्यानं मोबाइल काढला आणि तारीख लिहून घेतली.